पुसणारा आणि निरूपण करणारा

लीळाचरित्राचे पठण करणाऱ्या अभ्यासकाच्या ध्यानी एक गोष्ट लवकरच येते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे निरूपण बहुधा कोणाच्या तरी पुसण्यावरून प्रवृत्त झालेले असते. कधी बाइसा काही विचारतात, कधी महादाइसा शंका घेतात, कधी भटोबास आधीच्या एखाद्या वचनाचा अर्थ पुसतात, तर कधी वाटेत भेटलेला अनोळखी मनुष्यच काही बोलून जातो. आणि त्या निमित्ताने श्रीमुखातून वचन प्रकट होते. केशिराजबासांनी पुढे ही वचने लीळांतून निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. त्यामुळे साधकांची मोठी सोय झाली, कारण सुटे सूत्र पाठ करण्यास आणि मननास सुलभ असते. परंतु सूत्र सुटे झाले की ते कोणास, कोणत्या स्थळी आणि कोणत्या पुसण्यावरून निरूपिले गेले हे दृष्टीआड होण्याचा संभव उत्पन्न होतो. ही उणीव पंथातील पूर्वसूरींनी ओळखली होती. प्रकरणवशाची निर्मिती त्यासाठीच झाली. सूत्राला त्याचा प्रसंग आणि त्याचा श्रोता परत मिळवून देणे हे प्रकरणवशाचे कार्य होय. उत्तरासोबत प्रश्नही जतन करावा, अशी काळजी घेणाऱ्या परंपरेत शिक्षकाच्या थोरवीचा विचार पुसणाऱ्यापासूनच आरंभिणे युक्त ठरेल.

शिष्यांवर प्रभाव पडतो तो आचार्याच्या कोणत्या गुणामुळे? सामान्यतः वक्तृत्व, पाठांतर, तपाचरण आणि मधुर वाणी यांची गणना केली जाते. हे गुण आदरणीय आहेत यात संदेह नाही. आचाराविना केलेले निरूपण तर पोकळच ठरते. तथापि पंथाच्या आद्य ग्रंथांचा साक्षेपाने विचार करता, ज्याच्यापाशी बसून शिष्याला प्रश्न सुचतो आणि तो विचारण्याचे धैर्य होते, तोच शिक्षक खोलवर परिणाम करतो, असे दिसून येते.

या मताला महानुभाव तत्त्वज्ञानाचाही आधार आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य असून जीवाला मोक्ष देण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे आहे. आचार्य हा ज्ञानाचा उगम नव्हे. तो परमेश्वरोक्त शब्द शिष्यापर्यंत पोहोचविणारा आहे. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भटोबासांनी पंथाची धुरा वाहिली, पण स्वतःकडे अवताराचे स्थान कधी घेतले नाही. ज्याला स्वतःकडे माणसे जमवावयाची नसतात, त्याला शिष्याच्या प्रश्नाचे भय वाटत नाही. प्रश्नाने धक्का लागण्यासारखे त्याचे स्वतःचे काही पणास लागलेलेच नसते.

महादाइसांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. भटोबासांच्या या चुलत भगिनी सतत काही ना काही पुसत असत. तेराव्या शतकातील ती एक विधवा स्त्री. शास्त्रचर्चेत तिने तोंड उघडावे अशी त्या काळच्या विद्वत्सभांची रीत नव्हती. अन्यत्र जे आगाऊपण ठरले असते, ते स्मृतिस्थळात जिज्ञासा आणि चर्चकता म्हणून गौरविले गेले आहे. ह्याच महादाइसांच्या मुखातून पुढे रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध धवळे प्रकट झाले आणि त्या मराठीतील आद्य कवयित्री म्हणून मान्यता पावल्या. त्यांच्या प्रश्नांचा आणि त्यांच्या काव्याचा संबंध जोडून दाखविण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु ज्या वाणीला पुसण्याची मोकळीक मिळाली होती, तीच वाणी पुढे गाऊ लागली, हे विसरता येत नाही.

म्हाइंभटांची गोष्ट वेगळी. ते सराळ्याचे धनवान आणि शास्त्रसंपन्न पंडित. विद्येचा अभिमान बाळगून ते वादासाठी आले होते, आणि चर्चेअंती तो अभिमान गळाला. एवढेच सांगून थांबणारे निरूपणकार पुष्कळ आहेत. आणि त्यात म्हाइंभटांचे खरे महत्त्व निसटते. स्वामींच्या गमनानंतर भटोबास एकांती बसून लीळांचे स्मरण करीत असत. आपण कशाचे मनन करता, असे म्हाइंभटांनी त्यांस पुसले. उत्तर मिळाले तेव्हा त्या लीळा लिहून ठेवाव्यात असा विचार म्हाइंभटांनी मांडला, आणि शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्राचे कार्य उभे राहिले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ एका शिष्याच्या साध्या प्रश्नातून जन्मास आला. भटोबासांना आपले मनन खाजगी म्हणून झाकून ठेवता आले असते. त्यांनी ते उघड केले. म्हाइंभटांनीही पुढे एकाच्या सांगण्यावर विसंबून न राहता ज्यांनी ज्यांनी लीळा प्रत्यक्ष अनुभवल्या त्यांना गाठून त्या मिळविल्या. ज्यांच्या आठवणीत भेद पडला तेथे तो भेद नावानिशी नोंदविलेला आढळतो. वादासाठी आलेल्या पंडिताची बुद्धी मोडून न टाकता तिला सत्यशोधनाच्या कामी लावणे, हे शिक्षणाचे फळ नव्हे तर काय?

चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसांचा पाठ त्यांत मान्यता पावला. भांडार एकाच्याच हाती राहिले असते तर ते पोथीबरोबरच गेले असते.

आता भाषेचा विचार. भटोबासांच्या शिष्यवर्गात केशिराजबास आणि दामोदर पंडित यांच्यासारखे संस्कृतज्ञ होते. त्यांनी शास्त्रीय परिभाषेत प्रश्न केला असता, आपल्याला ती परिभाषा कळत नाही, स्वामींनी आपणांस मराठीत निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच पुसावे, असे भटोबासांनी स्पष्ट सांगितल्याची नोंद स्मृतिस्थळात आहे. केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना आरंभिली तेव्हाही त्यांनी ती थांबविली. पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. या प्रसंगाकडे बहुधा मराठीच्या अभिमानाचा पुरावा म्हणून पाहिले जाते. तो तसा आहेच. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने पाहता त्यात याहून सूक्ष्म असे काही आहे. पंडितांच्या सभेत मला हे येत नाही असे म्हणणारा आचार्य विरळा. आणि निरूपणाची भाषा ठरविताना त्यांच्या डोळ्यांपुढे सभेतील सर्वांत विद्वान श्रोता नव्हता. मागे बसलेली म्हातारी होती. ती समजली तर पंडितास समजण्यास अडचण नाही. उलट मात्र घडत नाही. ज्या भाषेत ऐकले त्याच भाषेत शंका घेता येते. निरूपण संस्कृतात गेले असते तर त्या स्त्रियांचे ऐकणे तर थांबलेच असते, पुसणे त्याहून आधी थांबले असते.

दृष्टांतपाठातील रीतही येथे ध्यानी घेण्यासारखी आहे. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तेथील मांडणी असून एकंदर ११४ दृष्टांत आहेत. हत्ती आणि जन्मांध यांचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. कोणी पाय चाचपला, कोणी कान, कोणी शेपूट. प्रत्येकाने आपल्या हाती आले तोच हत्ती मानला, आणि डोळसाने संपूर्ण हत्ती सांगितला. हा दृष्टांत भारतभूमीत फार प्राचीन आहे. बौद्धांच्या पाली उदानातही तो आढळतो. स्वामींनी तो ब्रह्मविद्येच्या कामी योजिला, आणि परमेश्वराची एकेक शक्ती जाणून तेवढ्यावरच थांबणाऱ्यांची स्थिती त्यातून उमगते. दृष्टांत नवा असावा लागत नाही. तो श्रोत्याच्या हाताला लागणारा असावा लागतो.

जुन्नर तालुक्यातील डिंगोऱ्यासारख्या गावी अधिकारभेद समजावून द्यावयाचा झाल्यास दृष्टांतासाठी दूर जावे लागू नये. ओतूर आणि माळशेज घाट यांच्या दरम्यानच्या ह्या पट्ट्यात पश्चिमेस घाटमाथ्याकडे भाताची खाचरे आहेत आणि पूर्वेस कांद्याचे रान. भात आणि कांदा या दोहोंची आधी रोपे तयार करून मग लावणी करतात. भाताचे रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत लावणीस येते. कांद्याच्या रोपास सहा-सात आठवडे लागतात. कांद्याचे रोप भाताच्या मुदतीत उपटले तर ते तग धरीत नाही, आणि भाताचे रोप कांद्याइतके थांबविले तर त्याला पुढे फुटवे कमी येतात. शेतकरी दोन्ही रोपांना एकच मुदत लावीत नाही, आणि उशिरा येणाऱ्या रोपाला मंद म्हणून हिणवीतही नाही. हा दृष्टांत मांडताच कोणी शेतकरी उपदेशी विचारील, की महाराज, रोप तयार झाले हे पानांवरून कळते, माणसाचे कशावरून कळावे? हा प्रश्न निघाला म्हणजे निरूपण लागू पडले असे समजावे. आणि त्याचे उत्तरही शिष्याच्या प्रश्नातच असते. काय करावे असे पुसणारा एका अवस्थेत असतो, का करावे असे पुसणारा दुसऱ्या, आणि केले तरी मन निवत नाही असे सांगणारा तिसऱ्या. न पुसणाऱ्याचा अधिकार ओळखण्यास मात्र आचार्यापाशी साधनच उरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुसण्यास मोकळीक दिली की वितंडा माजतो, श्रद्धा डळमळते, आणि आचार्याचा अधिकार राहत नाही, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते. वितंडाचा धोका खरा आहे. परंतु वितंड करणारा आणि जिज्ञासू यांतील भेद प्रश्न विचारण्याआधी नव्हे, उत्तर ऐकल्यानंतर कळतो. जिज्ञासू उत्तर घेऊन काही काळ गप्प राहतो. वितंडकाचा पुढला प्रश्न तयारच असतो. म्हाइंभटही वादासाठीच आले होते. त्यांना दारातूनच परतविले असते तर काय झाले असते, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

ह्या विचाराचे आजचे प्रयोजन मोठे आहे. कित्येक शतके पंथाच्या पोथ्या सकळ लिपीत व अन्य सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होत्या. त्या लिप्यांनी कठीण काळी ग्रंथ राखले, त्याबद्दल कृतज्ञता असावी. पण त्याच काळात वाचू शकणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ अशी विभागणी रूढ झाली, आणि ऐकणाऱ्याचे पुसणे हळूहळू मावळले. विसाव्या शतकात लिपीचे कुलूप निघाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. २०२४ साली रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. आता शिकू इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी ग्रंथ स्वतः वाचू शकते. केवळ पाठ म्हणून दाखविणाऱ्या निरूपणकाराची त्यांना तितकीशी गरज राहिलेली नाही. गरज आहे ती प्रकरण सांगणाऱ्याची, आणि छापील पानात न सापडणारी शंका ऐकून घेणाऱ्याची. ध्वनिक्षेपकावर दोन घटका अस्खलित बोलून दंडवत स्वीकारून उठणाऱ्या वक्त्याकडून हे कार्य होत नाही, मग सभा कितीही मोठी जमो.

आश्रमांतून आणि गावोगावच्या पाठांतून यासाठी फार मोठी योजना नको. निरूपणाचा वेळ थोडा आखडून उरलेला वेळ पृच्छेसाठी राखावा. आरंभ पुढे बसलेल्या जाणत्यांपासून न करता मागे बसलेल्या वृद्ध माता आणि शाळकरी मुले यांच्यापासून करावा, कारण जाणते आधी बोलले की बाकीचे बोलत नाहीत. मूळ वचन वाचताना ते कोणास निरूपिले हे आधी सांगावे. प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी न आल्यास तसे सांगून पोथी पाहावी आणि दुसऱ्या दिवशी, प्रश्न विचारणाऱ्याचे नाव घेऊन, पाठाचा आरंभ त्याच्याच प्रश्नाने करावा. आणि पहिले काही दिवस कोणीच काही पुसले नाही, तरी तो राखलेला वेळ भजनाने अथवा सूचनांनी भरून काढू नये.