आधी पोराचा आवाज, मग धडा

ऐक माय, शिरपूर तालुक्यात शाळा मिळाली, फार बरं झालं. आता दिवाळी झाली की तुझ्या वर्गातली कितीतरी पोरं आईबापासोबत गुजरातेत ऊसतोडीला जातील. करोना गेला म्हणून लांबून शिकवणं संपलं, असं समजू नको. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली आणि पहिली-दुसरीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर 2021 उजाडला. त्या काळात हाताला जे लागलं, तेच तुला देतेय.

पोरं समोर आहेत तोवरच एक वही कर. घरात फोन कोणाचा, तो माणूस घरी कधी असतो, कोणत्या सिमला पाड्यावर रेंज मिळते, रिचार्ज कधी संपतो, सगळं विचारून लिही. टोळीच्या मुकादमाचा नंबरही घे. राज्यातल्या राज्यात जाणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे तिथली शाळा त्याला बसवून घेते.

वेळ घरच्यांच्या सोयीनं ठरव. बाप कापूस वेचणीला गेला की फोनही त्याच्यासोबत जातो, सकाळी दहाचा तास पोरानं करायचा कसा? भाकरी झाल्यावर, साडेसात-आठला फोन लाव. लागल्या लागल्या धडा काढू नको. अहिराणी घर असेल तर ‘काय करी ऱ्हायना रे?’ असं विचार. पावरा घरातल्या पोरांकडूनच त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकून घे. शेळी व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे, असं त्याच पोराला सांगता येईल ते विचार. आपली कोणीतरी आठवण ठेवतंय हे कळलं की पोर दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोनची वाट बघतं.

तीस पोरांचा व्हिडिओ एकदम लावू नको. वर्गात मागं बसणारं पोर तिथंही मागंच राहतं. पाच-पाच जणांचे गट कर. बाकी वेळी दोन मिनिटं तुझा आवाज रेकॉर्ड करून पाठव. कमी नेटवर पोचतो आणि पोर पुन्हा पुन्हा ऐकतं. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचना आल्या, त्यातही पहिली ते आठवीला दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. चांगला कार्यक्रम होता. पण टीव्हीला पोराचं उत्तर ऐकू येत नाही, ते ऐकायला बाई लागते. म्हणून तू जे पाठवशील त्याचं पोराकडून काहीतरी परत आलंच पाहिजे.

त्यासाठी प्रश्न घरात आणि शेतात शोध. यावल तालुक्यातल्या एका सहावीच्या पोराला मी विचारलं होतं: केळीची लागवड पाच बाय पाच फुटांवर, एकरात 43,560 चौरस फूट, तर खोडं किती बसतील? त्यानं 25 नं भागून 1742 सांगितलं. मी म्हटलं, आता बापाला विचार, तुमच्या एकरात खरी किती लावली? रात्री बापाचाच आवाज आला, ‘बाई, बांध अन् पाट कोण वजा करील?’ मग बापलेकानं मिळून बांध मोजला. त्यानंतर ते पोर कधी गैरहजर राहिलं नाही, कारण बापच आठवण करून द्यायचा.

ज्या घरी फोनच नाही, त्या पोराला चिठ्ठी लिही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढायचे. मुलं रोज डोळ्यांसमोर असूनही त्यांना लिहावंसं वाटायचं. तुझी तर डोळ्यांआड असतील. पोराच्या नावानं चार ओळी, खाली एक प्रश्न. पाड्यावर जाणाऱ्या आशाताईकडे दे, नाहीतर किराणा दुकानात ठेव. परत आलेल्या वहीत नुसती बरोबरची खूण करू नको, एक वाक्य लिही. आणि ग्रुपवर कोणालाच रागावू नको, तिथं सगळं घर ऐकत असतं.

पोरींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. घरात एकच फोन असला की तो आधी भावाच्या हातात जातो. आईशी बोलून पोरीची वेळ वेगळी ठरवून घे. सातवी-आठवीची पोर आठवडाभर गप्प झाली तर ग्रुपवर विचारत बसू नको, गाडी काढ आणि घरी जा. बाहेरगावी असेल तर मुकादमाला फोन कर, तिच्या आईचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवू नको. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा कितीतरी पोरींची लग्नं गुपचूप उरकली गेली. शंका आली तर ग्रामसेवकाला कळव, 1098 वर फोन कर. लोक काय म्हणतील याचा विचार तेव्हा करायचा नाही, माय.

तोडीवरून पोरं परत आली की पहिल्याच दिवशी चाचणी घेऊ नको. दोन-चार दिवस त्यांना बोलू दे. मोळी कशी बांधतात, गाडी भरायला रात्री किती वाजता उठवायचे, तिथला दुकानदार पैसे कसे मोजायचा, सगळं सांगू दे. कानावर पडलेले गुजराती आकडे त्यांच्याकडून फळ्यावर लिहून घे, गावात राहिलेल्या पोरांनाही ते शिकू दे. मग पुस्तक उघड.