फिल्टर आहे, पण पाणी कुठले?

वरच्या डब्यात पाणी ओतले की ते केंडलमधून झिरपत खालच्या डब्यात उतरते. वीज लागत नाही, म्हणून हा फिल्टर आपल्या घरांना सोयीचा. गाळ आणि बरेचसे जंतू तो अडवतो. पाण्यात विरघळलेले मात्र अडवत नाही. साखरेचे पाणी फडक्यातून गाळले तरी गोडच राहते, तसेच हे.

वाशीम जिल्ह्यात जमिनीखाली काळा पाषाण आहे. बोअरला पाणी लागते ते त्याच्या भेगांत. उकिरडा, गोठा, शौचखड्डा, शेतातला युरिया यांतले नायट्रेट पावसाबरोबर त्याच भेगांतून खाली उतरते. त्यात आपली वस्ती बहुधा गावाच्या उताराला, गावभरच्या नाल्या जिथे येतात तिथे, हातपंपही तिथेच. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असले तर ते पिण्यास अयोग्य, पण डोळ्यांना किंवा जिभेला हे कळत नाही. केंडल, तुरटी, मेडिक्लोर, कशानेही ते जात नाही. उकळले तर पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते.

सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला. अशा पाण्यात कालवलेले डब्याचे दूध पाजले तर बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. ओठ, नखे निळसर पडतात. असे दिसताच दवाखाना गाठावा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध द्यावे, वरचे पाणी अजिबात नको.

फ्लोराइडचेही तसेच, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांनी ते भोगले आहे. ज्या विहिरीवर फवारणीचे पंप धुतात, तिचे पाणी फिल्टर करूनही पिऊ नये. पावसाळ्यातले गढूळ पाणी मात्र रात्रभर निवळू देऊन, दुहेरी कापडाने गाळून फिल्टरमध्ये घालता येते. तसेच ओतले तर केंडल चोंदते.

आरओने नायट्रेट, फ्लोराइड कमी होते, पण बरेच पाणी वाया जाते. विकतच्या जारचे पाणी तपासलेलेच असेल, असेही धरून चालू नये.

तपासणीसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. नुसत्या जंतूंच्या तपासणीवर थांबू नका. रासायनिक तपासणी, त्यातही नायट्रेट आणि फ्लोराइड, असे स्पष्ट सांगा. आणि अहवाल मागाल तो गावच्या विहिरीचा नको, वस्तीच्या हातपंपाचा मागा.