प्रवाहातील आकृती

मुलांनो, पावसाळ्यात इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूरला जाण्याचा योग आला, तर घाटावर क्षणभर उभे राहून पाहा. तेथे नीरा भीमेला मिळते. गढूळ पाण्यावर भोवरे उठतात, फिरतात आणि विरून जातात. पात्रात शेजारीशेजारी सोडलेली दोन पाने काही अंतर सोबतीने जातात. मग एक भोवऱ्यात सापडते आणि दुसरे पुढे निघून जाते.

बारामतीकडील उसाच्या पाटातही हा खेळ पाहता येतो. अगदी संथ पाण्यात एक बारीक काडी उभी धरा. पाणी तिला वळसा घालून निमूटपणे पुढे जाते. वेग थोडा वाढला, की काडीमागे डावीउजवीकडे आळीपाळीने भोवरे सुटू लागतात. आणखी वाढला, की सारीच खळबळ उडते. वेग दुप्पट झाला म्हणून भोवरे दुप्पट झाले, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. अशा गतीला गणितात ‘अरेषीय’ गती म्हणतात.

या खळबळीत काही व्यवस्था शोधता येईल काय? त्यासाठी उपयोगी पडणारे गणित पुण्यात बसून मांडणारे थोर गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९२९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन दामोदर स्वदेशी परतले. १९३३ पासून बारा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले.

शेजारून निघालेले दोन मार्ग पुढे जवळ राहतील की दुरावतील? नदीतल्या त्या दोन पानांसारखाच हा प्रश्न. तो सोडवण्यास साहाय्य करणारा सिद्धांत कोसंबींनी १९३३ साली मांडला. फ्रान्सचे कार्तां व चीनचे चर्न यांनी त्यात भर घातली. आज तो तिघांच्या नावांनी ओळखला जातो.

१९४३ साली त्यांनी आणखी एक लेख प्रसिद्ध केला. त्यातील विचार एका दृष्टांताने समजून घेऊ. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना बेलवाडीला रिंगण होते. तेथे प्रत्येक वारकऱ्याचे प्रत्येक पाऊल टिपू म्हटले, तर वह्यांचे ढीग पडतील. पण दुरून पाहिले, तर मुख्य हालचाली मोजक्याच दिसतात: पुढे सरकणे, टाळांच्या ठेक्यावर झुलणे, उडी घेणे. कोणत्या क्षणी कोणती हालचाल किती, एवढे कळले की सारे दृश्य जवळजवळ उभे राहते. गुंतागुंतीच्या बदलातून अशा मुख्य आकृती वेगळ्या काढण्याची रीत कोसंबींनी दाखवली.

पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या युरोपातील गणितज्ञांनी स्वतंत्रपणे हीच रीत मांडली आणि ती त्या दोघांच्या नावाने रूढ झाली. १९६७ साली अमेरिकेचे शास्त्रज्ञ लमली यांनी तिच्या साहाय्याने खळाळत्या प्रवाहांचा अभ्यास आरंभला. ते पाहण्यास कोसंबी नव्हते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.

परंतु नावासाठी ते थांबून राहिले नव्हते. गणित करताकरताच त्यांनी हजारो जुनी नाणी तोलून इतिहासाचे धागे जुळवले. पुण्याच्या आसपासचे माळ तुडवून अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे गोळा केली. जेथे इतरांना पसारा दिसे, तेथे ते आकृती शोधत. पुन्हा कधी नीरेच्या काठी गेलात, तर पाण्यात दोन पाने सोडून पाहा. आणि ती का दुरावली, हे स्वतःला विचारा.

स्वाध्याय
१. काडीच्या प्रयोगात पाण्याचा वेग वाढवल्यावर काय काय घडते?
२. रिंगणाच्या दृष्टांतातून कोसंबींची रीत तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
३. ‘जेथे इतरांना पसारा दिसे, तेथे ते आकृती शोधत’ हे विधान उदाहरणांनी स्पष्ट करा.