संगणकाचा परवाना आणि निगा

प्रस्तावना

तामिळनाडूत तंजावर शहराच्या दक्षिणेस, पट्टुकोट्टैच्या वाटेवर, ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. वाटसरूंना तेथे अन्न व आसरा मिळे आणि मुलांच्या शिक्षणाचीही सोय होती. याच राजांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर असलेले ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक १८०६ मध्ये तेथे छापले गेले.

त्या काळी छापखान्यात एखाद्या अक्षराचा खिळा नसेल, तर तो नव्याने ओतून घ्यावा लागे. आज लेखनाचे पुष्कळसे काम संगणकावर होते. खिळे गेले, पण गरज तीच राहिली. नवे अक्षर, नवे चिन्ह, नवे संरक्षण संगणकाला बाहेरूनच पुरवावे लागते. ते वेळेवर पोहोचले नाही, किंवा संगणक वापरण्याचा परवाना सिद्ध झाला नाही, तर काम अडते. ही अडचण कशी ओळखावी व कशी दूर करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
- परवाना, सक्रियण व सुधारणा या संज्ञांचा अर्थ सांगू शकाल;
- सक्रियण किंवा सुधारणा अडण्याची कारणे क्रमाने तपासू शकाल;
- चोरट्या उपायांतील धोके ओळखू शकाल;
- जुन्या संगणकाविषयी योग्य निर्णय घेऊ शकाल.

मूलपाठ

१. सुधारणा कशासाठी?

संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे होत. कार्यप्रणाली तयार करणारे लोक तिच्यातील दोष दुरुस्त करतात, नव्या सोयींची भर घालतात आणि ती इंटरनेटवरून आपल्याकडे पाठवतात. यालाच सुधारणा किंवा अपडेट म्हणतात.

आपल्या भाषेशी सुधारणांचा संबंध फार जवळचा आहे. ‘ॲ’ हेच अक्षर पाहा. जगातील लिप्यांना संगणकीय संकेत देणाऱ्या युनिकोड प्रमाणात हे अक्षर २००८ मध्ये आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्थान दिले. ज्या जुन्या संगणकाच्या टंकात हे अक्षर नव्हते, तेथे ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन दिसे. रुपयाचे चिन्हही असेच. भारत सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्या वेळच्या विंडोजच्या आवृत्त्यांना ते २०११ मध्ये एका सुधारणेद्वारे मिळाले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी कागदपत्रे ज्या मोडी लिपीत आहेत, त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये.

सुधारणांचे दुसरे काम संरक्षणाचे. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका गंभीर दोषावर सुधारणा उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, अशा असंख्य संगणकांवर त्याच वर्षी १२ मेपासून ‘वॉनाक्राय’ नावाच्या विघातक आज्ञावलीने हल्ला केला. धारिकांना कुलूप लावायचे आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागायची, अशी तिची रीत होती. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही तिच्या तावडीत सापडले. उपाय दोन महिने आधीच हाताशी असूनही तो न केल्यामुळे हे नुकसान झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

२. परवाना आणि सक्रियण

आपण विंडोज विकत घेतो असे म्हणतो, परंतु वास्तविक आपण ती वापरण्याचा परवाना घेतो. हा परवाना खरा आहे आणि ठरल्यापेक्षा अधिक संगणकांवर वापरला जात नाही, याची कंपनी जी पडताळणी करते तिला सक्रियण म्हणतात. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीपासून घरगुती संगणकांवर ही पद्धत रूढ झाली. संगणक आपल्या यंत्रभागांची खूण आणि परवान्याची पंचवीस अक्षरांची चावी कंपनीकडे पाठवतो. दोहोंचा मेळ बसला की परवाना मान्य होतो.

परवान्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

(अ) यंत्रासोबत आलेला परवाना : तो त्या संगणकाशीच बांधलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तो नेता येत नाही.

(आ) सुटा घेतलेला परवाना : जुन्या संगणकावरून काढून तो नव्यावर नेता येतो, परंतु एका वेळी एकाच संगणकावर चालतो.

(इ) संस्थेचा सामूहिक परवाना : तो संस्थेच्या मालकीचा असतो. त्याच्या एका प्रकारात संगणकाला १८० दिवसांतून एकदा तरी संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधावा लागतो. असा संगणक घरी नेऊन वर्षभर ठेवला, तर त्याचे सक्रियण संपते. यात बिघाड काहीच नसतो.

आपला परवाना कोणत्या प्रकारचा आहे, हे खरेदीच्या पावतीवरून किंवा विक्रेत्याला विचारून आधीच माहीत करून घ्यावे. घराची कागदपत्रे आपण जपतो, त्याचप्रमाणे ही पावती व चावी जपून ठेवावी.

पाठगत प्रश्न १

१. ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन का दिसत असे?
२. कोणता परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येतो?

३. सक्रियण अडले तर

समजा, ओरत्तनाडुत एक मराठीभाषक महिला घरी बसून तमिळ व मराठी मजकूर टंकलिखित करून देते. पावसाळ्यात वीज पडून तिच्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्ती करणाऱ्याने नवा बसवला. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज सक्रिय करा’ अशी सूचना आली. तिच्या उपजीविकेचे साधन तेच असल्याने ती घाबरून जाणे साहजिक आहे. परंतु विंडोज १० किंवा ११ असेल, तर संगणक लगेच बंद पडत नाही. लिहिलेला मजकूरही नाहीसा होत नाही. काही सोयी मात्र रोखल्या जातात. तेव्हा घाईने काही करण्यापेक्षा पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. तारीख व वेळ : मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. कंपनीशी होणारा संपर्क सुरक्षित आहे की नाही, हे मुदतीच्या प्रमाणपत्रांवरून ठरते. घड्याळच चुकीचे असेल, तर ती प्रमाणपत्रे अमान्य ठरतात आणि संपर्क तुटतो. तारीख नीट केली की पुष्कळदा सक्रियणही होते.

२. इंटरनेट : जोडणी चालू आहे का, हे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे.

३. आवृत्ती : परवाना ‘होम’ आवृत्तीचा आणि संगणकावर बसवलेली ‘प्रो’, असे असेल तर मेळ बसत नाही. दुरुस्तीच्या वेळी विंडोज पुन्हा बसवली असेल, तर ही शक्यता जरूर पाहावी.

४. चावी : चावी वाचताना डोळे फसतात. विंडोजच्या चावीत शून्य व एक हे अंक नसतातच, पण इंग्रजी ‘बी’ हे अक्षर आणि आठ हा अंक दोन्ही असतात. बारीक छपाईत ते सारखेच दिसतात.

५. बदललेले यंत्रभाग : मदरबोर्ड बदलला की संगणकाची खूण बदलते. आपला परवाना आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल, तर विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘ॲक्टिव्हेशन’ या क्रमाने जावे. तेथे ‘ट्रबलशूट’ निवडून यंत्रभाग बदलल्याचे सांगावे. परवाना बदलास पात्र असेल, तर त्याच खात्याने तो पुन्हा लागू होतो. यंत्रासोबत आलेला परवाना असेल, तर कंपनीच्या अधिकृत मदत केंद्राकडे किंवा संगणक बनवणाऱ्याकडे विचारणा करावी.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, खाते आणि परवाना यांची जोडणी बिघाड होण्यापूर्वी केलेली असावी लागते.

४. सुधारणा अडली तर

कोणत्याही मोठ्या सुधारणेपूर्वी आपल्या महत्त्वाच्या धारिकांची प्रत पेनड्राइव्हवर किंवा अन्यत्र काढून ठेवावी. त्यानंतर पुढील क्रम पाळावा.

१. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. अर्धवट राहिलेली आधीची सुधारणा पुष्कळदा एवढ्यानेच पुरी होते.

२. डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. जागा अपुरी असेल, तर तात्पुरत्या धारिका काढून टाकाव्यात.

३. मोबाइलच्या इंटरनेटवर काम करत असल्यास ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदलेली आहे का, ते पाहावे. तशी असेल, तर खर्च वाचवण्यासाठी विंडोज अनेक सुधारणा उतरवून घेतच नाही.

४. विजेची खात्री करावी. लॅपटॉपला चार्जर जोडावा. ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना असताना बटण दाबू नये. प्रगतीचा आकडा बराच वेळ एकाच ठिकाणी राहिला, तरी काम चालू असू शकते.

५. जोडलेले पेनड्राइव्ह व छपाईयंत्र काढून पुन्हा प्रयत्न करावा.

६. सुधारणेनंतरच नवा बिघाड सुरू झाला असेल, तर सुधारणांच्या नोंदीत जाऊन शेवटची सुधारणा काढता येते. दोष दूर होताच ती पुन्हा बसवावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर खरे कारण कोणते होते, हे कळत नाही. पडद्यावरील चुकीचा संकेत वहीत जसाच्या तसा उतरवून ठेवावा. मदत मागताना ‘संगणक चालत नाही’ या वाक्यापेक्षा त्या संकेताचा उपयोग अधिक होतो.

५. चोरवाटा

सक्रियण अडले की कोणीतरी फुकटची ‘ॲक्टिव्हेटर’ आज्ञावली सुचवतो. ती चालवण्याआधी विषाणुरोधक बंद करण्यास सांगितले जाते. घराच्या राखणदाराला आधी बाहेर पाठवा, असे सांगणाऱ्या पाहुण्याचा हेतू काय असेल? अशा आज्ञावलीसोबत संकेतशब्द चोरणारे विषाणू येऊ शकतात. शिवाय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणकीय आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैदेऐवजी पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते.

‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, आम्ही कंपनीतून बोलत आहोत’ असा दूरध्वनी आला, तर तो ठेवून द्यावा. कंपनी आपण होऊन असे दूरध्वनी करत नाही. फसवणूक होऊन पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

६. जुन्या संगणकाचे काय करावे?

तामिळनाडू शासनाने २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. अशा जुन्या लॅपटॉपपैकी काही अजूनही घरांत असतील. परंतु विंडोज ७ च्या सुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठा आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय लागते. पुष्कळ जुन्या लॅपटॉपमध्ये ती नसते.

असा लॅपटॉप टाकून द्यावाच लागतो, असे नाही. लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने विकसित केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक असून तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. तिला सक्रियणाची चावी लागत नाही. मात्र परवाना विनामूल्य असला, तरी निगा चुकत नाही. तिच्याही सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्या लागतात. आपल्या कामाला लागणारी आज्ञावली लिनक्सवर चालते की नाही, हे आधी पाहून मगच बदल करावा.

पाठगत प्रश्न २

१. घड्याळ चुकीचे असल्यास सक्रियण का होत नाही?
२. ‘मीटर्ड’ जोडणीचा सुधारणांवर कोणता परिणाम होतो?

आपण काय शिकलो?

- परवाना हा वापराचा हक्क आहे आणि सुधारणा ही निगा आहे. दोन्ही आवश्यक आहेत.
- अडचण आल्यास साध्या कारणांपासून सुरुवात करावी.
- धारिकांची प्रत, पावती आणि खात्याची जोडणी यांची तयारी बिघाडापूर्वीच करावी.
- चोरट्या उपायाने पैसा वाचल्यासारखा वाटतो, पण त्यात कष्टाचे काम गमावण्याचा धोका असतो.

शब्दार्थ

खिळा – छपाईसाठी ओतलेले धातूचे अक्षर
टंक – संगणकातील अक्षरांचा संच
धारिका – संगणकात साठवलेला मजकूर, फाइल
विघातक – नाश करणारे
निगा – देखभाल

भाषाभ्यास

‘तारीख तपासावी’, ‘प्रत काढून ठेवावी’ या वाक्यांतील क्रियापदे कर्तव्य सुचवतात. क्रियापदाच्या या रूपाला विध्यर्थ म्हणतात. ‘तारीख तपासा’ हे आज्ञार्थाचे रूप आहे. मार्गदर्शनपर लेखनात दोन्ही रूपे येतात. पाठातून विध्यर्थी क्रियापदे असलेली पाच वाक्ये शोधा व ती आज्ञार्थात लिहा.

पाठान्त प्रश्न

१. सुधारणा आणि आपली भाषा यांचा संबंध दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. मदरबोर्ड बदलल्यावर सक्रियण गेलेल्या महिलेला तुम्ही कोणता सल्ला द्याल? क्रमाने लिहा.
३. ‘परवाना विनामूल्य असला, तरी निगा चुकत नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. चुकीच्या संकेतासह संगणकातील अडचण कळवणारे पत्र विक्रेत्यास लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. जुन्या संगणकाच्या टंकात ते अक्षर नव्हते. २. सुटा घेतलेला परवाना.
प्रश्न २ : १. सुरक्षित संपर्काची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात व संपर्क तुटतो. २. अनेक सुधारणा उतरवून घेतल्या जात नाहीत.