मैत्रिणीचं गुपित : कोणतं जपायचं, कोणतं सांगायचं



या पानावर आपण नेहमी ताप, खोकला, पंडुरोग, बाळंतपण यांविषयी बोलतो. या वेळी वयात येणाऱ्या मुलींच्या मैत्रीविषयी बोलायचं आहे. मैत्रीचा आणि आरोग्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. आधी एक प्रसंग सांगतो.

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही एका रुग्णालयात नोकरीला होतो, तेव्हाची ही गोष्ट. रात्रपाळीला एक मुलगी आणली. वय १५. तिने स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरांनी धावपळ केली आणि मुलगी वाचली. पहाटे आम्ही बाहेर आलो तर बाकड्यावर तिच्याच वयाची दुसरी मुलगी बसलेली. पायात चप्पल नव्हती. आम्ही पाणी दिलं. पाणी हातात धरूनच ती म्हणाली, "सिस्टर, मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. तिने मला शपथ घातली होती."

दोन महिने एका मुलीच्या मनात काय चाललंय ते आईला माहीत नव्हतं, बाईंना माहीत नव्हतं, शेजारपाजाऱ्यांनाही नव्हतं. माहीत होतं ते फक्त तिच्या मैत्रिणीला. आणि काय करायचं ते त्या मैत्रिणीला कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढे नोकरी सोडून आम्ही वस्त्यांमधून काम करू लागलो, त्यामागे त्या बाकड्यावरची ती मुलगी आहे.

मैत्रीण ही पहिली आरोग्यसेविका

आपल्या नाशिकच्या वस्त्यांमधला दिवस डोळ्यांसमोर आणा. आई पहाटे उठून धुणीभांड्याला जाते, सातपूर-अंबडच्या कंपनीत जाते, नाहीतर हंगामात द्राक्षबागेच्या गाडीत बसते. वडील बिगारीवर किंवा रिक्षावर. नळाचं पाणी, धाकट्या भावंडांचं आवरणं, भाकरी हे सगळं थोरल्या मुलीवर. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. त्यात तिला रडायलासुद्धा जागा नाही.

अशा वेळी तिच्याजवळ कोण असतं? मैत्रीण असते. अंधार पडल्यावर सार्वजनिक संडासाला जायचं तर दोघी जोडीने जातात, एक आत आणि एक दाराशी. शाळेत पाळी आली तर ड्रेसला डाग पडल्याचं मैत्रीणच कानात सांगते, आपली ओढणी देते. कुणी वाटेत त्रास देत असेल तर ते आधी तिलाच कळतं. डबा न खाता परत गेला, वहीत काहीबाही लिहिलं, हसणं बंद झालं, हेही तिलाच आधी दिसतं. आपण मोठी माणसं रात्री दमून घरी येतो, तोवर पोरगी पाठ करून झोपलेली असते.

म्हणून आम्ही म्हणतो, वस्तीतल्या मुलीची पहिली आरोग्यसेविका म्हणजे तिची मैत्रीण. मात्र तिच्याकडून माहिती मिळते ती खरी असेलच असं नाही. "निळी गोळी खाल्ली की पुढे मूल होत नाही," असं आम्ही मुलींच्याच तोंडून ऐकलं आहे. हे खोटं आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक मिळणारी ती निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्याबरोबर चहा पिऊ नये. शौचाला काळं झालं तरी घाबरू नये. एका मुलीला हे नीट समजलं की ती चार मैत्रिणींना सांगते. खरं सांगायला शिकवलं तर मैत्रीसारखा प्रचार नाही.

गुपिताचे दोन प्रकार

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्त म्हणून आपल्याला माहीत आहे. त्यात खऱ्या मित्राची लक्षणं आहेत. खरा मित्र आपलं गुपित जपतो, संकटात सोडून जात नाही. भ्यालेल्याला तो आसरा असतो आणि वाइटापासून आवरतोही. आता या लक्षणांचा एकत्र विचार करा. गुपित जपणं हे मैत्रीचं लक्षण आहेच, पण ते एकच लक्षण नाही. गुपित जपल्यामुळे मैत्रीण संकटात एकटी पडत असेल, तर ते गुपित मैत्रीचं राहत नाही.

मुलींना आम्ही हे सोपं करून सांगतो.

जपायची गुपितं : पहिली पाळी कधी आली, परीक्षेत किती मार्क पडले, कुणाविषयी मनात काय वाटतं, घरात कशावरून भांडण झालं, वडील पितात याची लाज वाटते. हे चारचौघांत बोलायचं नाही, भांडण झालं तरी बाहेर काढायचं नाही.

मोठ्यांना सांगायची गुपितं पाच :

१) "जगायचा कंटाळा आला", "मी नसले तर बरं" असं ती म्हणते, किंवा स्वतःला इजा करून घेते.

२) कुणी तिला नको तिथे हात लावतो, धमकावतो, फोटो पसरवीन म्हणतो. मग तो परका असो की घरातला.

३) १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न ठरवलं जातंय.

४) तिची पाळी चुकली आहे आणि ती घाबरली आहे.

५) ती घर सोडून जायचं ठरवते आहे.

या पाचांपैकी काहीही असलं तर शपथ लागू होत नाही. शपथ मोडली म्हणून कुणाला काही होत नाही. शपथ पाळली म्हणून मात्र जीव जाऊ शकतो.

मैत्रिणीने काय करायचं

मुलींनो, हा भाग तुमच्यासाठी आहे.

आधी ऐका. मध्येच "एवढं काय त्यात" म्हणू नका, उपदेश करू नका, हसण्यावारी नेऊ नका.

मरणाचं बोलत असेल तर सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने तिला वाटतं, कुणीतरी समजून घेतंय. ती "हो" म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका. मोठं माणूस येईपर्यंत सोबत थांबा.

शब्द सुचत नसतील तर एवढंच म्हणा, "अगं, हे तुला-मला दोघींना पेलवणारं नाही. चल, आपण दोघी मिळून ताईंना सांगू." तिच्या पाठीमागे सांगण्यापेक्षा तिच्यासोबत जाऊन सांगणं केव्हाही चांगलं. ती तयारच झाली नाही, तरीही सांगा. ती रागावेल. महिनाभर बोलणार नाही. रागावलेली मैत्रीण पुढे समजूत घालायला जिवंत असते, हे लक्षात ठेवा.

सांगायचं कुणाला? जी ऐकून घेईल आणि बभ्रा करणार नाही अशी कुणीही: आई, मावशी, वर्गाच्या बाई, आशाताई, अंगणवाडीताई, विहारातल्या ताई. पहिल्या माणसाने झिडकारलं तर दुसऱ्याकडे जा.

आयांशी दोन शब्द

आयाबायांनो, मुलगी वयात आली की आपण पहिली गोष्ट काय करतो? तिचं बाहेर जाणं बंद करतो. "तिच्या नादी लागू नको," म्हणून मैत्रीण तोडतो. आपली भीती खोटी नाही. वस्तीतले रस्ते कसे आहेत ते आपल्यालाही माहीत आहे. पण मैत्रीण तोडल्याने मुलगी सुरक्षित होत नाही, एकटी होते. एकट्या मुलीकडे मग उरतो तो फोन, आणि फोनवर गोड बोलणारा कुणीतरी. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे आपण पाहिलं. मैत्रिणींची रोजची भेट तुटली, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते कुणालाच कळेना. वर सांगितलेल्या पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ व्या वर्षाआधी झालेलं आढळलं. असं लग्न ठरत असल्याचं पुष्कळदा सगळ्यांत आधी वर्गमैत्रिणीला कळतं. एका वस्तीत तीन मुली विहारात येऊन, "ताई, चौथी आठ दिवस शाळेत आली नाही, घरी पाहुणे येतात," असं सांगून गेल्या. आम्ही दोघीतिघी त्या घरी गेलो, आईजवळ बसलो, कायदा समजावला. ती मुलगी पुन्हा शाळेत गेली. त्या तिघी बोलल्या नसत्या तर आम्हाला लग्नाच्या मांडवातच कळलं असतं.

वाईट संगत नसतेच असं आम्ही म्हणत नाही. तीही ओळखायला सिगालोवाद सुत्तच उपयोगी पडतं. जो फक्त घ्यायला येतो, जो नुसता बोलघेवडा आहे, जो तोंडावर गोड आणि मागे निंदा करतो, जो व्यसनाच्या वाटेवर सोबत करतो, तो मित्र नव्हे. त्यात आजच्या काळाचं एक लक्षण आम्ही जोडतो : "आपलं घरी कुणाला सांगू नको, मैत्रिणींनाही नको," असं जो म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा. खरी मैत्री मुलीला इतर माणसांपासून तोडत नाही.

मदत कुठे मिळते

सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी रुग्णालयांत वेगळे दवाखाने आहेत. आपल्या राज्यात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. विहारात आपण जी मैत्रीभावना करतो, तोच शब्द सरकारी दवाखान्याच्या दारावर आहे आणि आपल्याला ते माहीत नसतं! जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा, नाहीतर आशाताईंना विचारा. पाळीच्या तक्रारी, अशक्तपणा, मनावरचा ताण, यासाठी तिथे सल्ला मिळतो. दोन मैत्रिणी मिळून गेल्या तरी चालतं.

फोन नंबर घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, रात्रंदिवस आणि मोफत. मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८. तातडीच्या मदतीला ११२.

दोन कायदे माहीत असू द्या. १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ते कुणीही दडपायचं नाही. अशा मुलीवर लगेच आणि मोफत उपचार करणं सरकारी-खासगी सगळ्याच रुग्णालयांना भाग आहे. दुसरा, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती मोठ्या ताणाखाली होती असं हा कायदा मानतो, आणि तिला शिक्षा न होता उपचार व आधार मिळावा असं सांगतो. म्हणून पोलिसांच्या धाकाने मुलीला दवाखान्यात न्यायला एक मिनिटही उशीर करू नका.

या महिन्यात एवढं करा

२ मार्च १९३० ला याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारांवर बसलेल्या तुकड्यांमध्ये आपल्या आज्या-पणज्याही होत्या. कुणी एकटी गेली नव्हती, एकमेकींच्या सोबतीने गेल्या होत्या. याच नाशिकच्या शांताबाई दाणी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटल्या. ती सोबत आज आपल्या मुलींना हवी आहे.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात मुलींसाठी अर्धा तास राखून ठेवा. पुरुषमंडळींनी तेवढा वेळ बाहेर थांबावं. एक जाणती बाई बसेल, मुली बोलतील. वर लिहिलेली पाच गुपितं मोठ्याने वाचा. शाळेत न आलेल्या मुलीच्या घरी दोघींनी जाऊन यायचं, एवढा एक नियम करा.

शेवटी आमची एक चूक सांगतो. त्या पहाटे बाकड्यावरच्या मुलीला आम्ही पाणी दिलं आणि वॉर्डात परत गेलो. "तू कशी आहेस?" असं तिला विचारलं नाही. थोड्या वेळाने आजारी मुलीची आई आली आणि "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस," म्हणून तिच्यावर ओरडली. ती मुलगी तशीच, अनवाणी, एकटी घरी गेली. दोन महिने तिने मैत्रिणीचं ओझं वाहिलं होतं, त्यावर आपण दोषाचं ओझं ठेवलं. आजही ते आम्हाला सलतं.

म्हणून आज रात्री जेवताना आपल्या मुलीला विचारा, "तुझी मैत्रीण कशी आहे गं?" ती काय सांगते ते ओरडा न करता ऐकून घ्या. आणि मग विचारा, "आणि तू?"

सर्वांचं मंगल होवो. जय भीम!