केमोतली उलटी : गोळी वेळेवर घ्या, उपचार सोडू नका

केमो घेतल्यावर उलट्या लागल्या की घरात म्हणतात, "औषध मानवत नाही, बंद करा." असा उपचार अर्ध्यावर सोडू नका. ही उलटी बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते.

उलटी का होते? केमोच्या औषधांमुळे आतड्यात सिरोटोनिन नावाचे द्रव्य सुटते. त्याचा इशारा मेंदूपर्यंत जातो आणि मळमळ सुरू होते. ऑन्डान्सेट्रॉनची गोळी हा इशारा अडवते. म्हणून उलटीची वाट न बघता डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच ती घ्यावी. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाढतो. तेव्हा 'आज बरे वाटते' म्हणून घरी दिलेल्या गोळ्या मध्येच थांबवू नका. तरीही उलटी होत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, दुसरी जोडता येते.

घरात काय करावे? एका खोलीच्या घरात फोडणीचा, सुक्या मासळीचा वास रुग्णाला सोसत नाही. स्वयंपाकाच्या वेळी त्याला दाराबाहेर मोकळ्या हवेत बसवा. ताजे शिजवून निववलेले अन्न द्या, त्याला वास कमी येतो, शिळे नको. दर दोन-तीन तासांनी थोडी पेज, मऊ भात द्या. पाणी घोट-घोट पाजा. खाण्याची बळजबरी करू नका.

दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी झाली, उलटीत रक्त दिसले, किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून जास्त असेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.