गळका फवारणी पंप घरच्या घरी दुरुस्त करा

पाठीवरचा पंप गळू लागला तरी 'एवढी फवारणी उरकू, मग बघू' असे म्हणून काम रेटले जाते. वाया जाणाऱ्या औषधापेक्षा अंगावर येणारे औषध अधिक महागात पडते. पाठीवरचा सदरा भिजला की विषारी द्रावण तासन् तास कातडीला चिकटून राहते आणि कातडीतून शरीरात भिनते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण गळका पंप हे कारण आपल्याला थोड्या खर्चात, तासाभरात दूर करता येते.

आधी गळती कोठून आहे ते ओळखावे. दांडा हलका लागतो, दाब धरत नाही आणि द्रावण टाकीच्या वरच्या तोंडाशी उसळते, तर दट्ट्याचा कप वायसर झिजलेला असतो. बाहेर कोठेच थेंब नाही, तरीही दाब उतरतो, तर झडपेच्या गोळीखाली कचरा अडकलेला असण्याचा संभव असतो. ट्रिगर बंद असताना नोझलमधून थेंब गळत राहिले, तर नोझल बदलून उपयोग नाही. दोष ट्रिगरच्या आतील झडपेत असतो. मुठीजवळ हात ओला होत असल्यास तेथील ओ-रिंग गेली असे समजावे.

दुरुस्तीपूर्वी रबरी हातमोजे घालावेत. ट्रिगर दाबून सर्व दाब सोडावा, मगच आटे खोलावेत. टाकी साबणाच्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने तीन वेळा धुवावी. हे पाणी विहीर, ओढा किंवा गोठ्याजवळ ओतू नये.

जुना वायसर काढून दुकानात सोबत न्यावा, कारण नुसत्या अंदाजाने आणलेला वायसर क्वचितच बसतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवण्याची युक्ती गावोगाव चालते, पण ती टिकत नाही. पाण्यात टाकताच दुधाळ होणाऱ्या इ.सी. प्रकारच्या औषधांत सेंद्रिय द्रावक असतात. त्यांनी साधे रबर फुगते व मऊ पडते. याच कारणाने सुटे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवू नयेत. पंप बनवणाऱ्या कंपनीचाच वायसर घ्यावा. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीचे बारीक कण वायसर घासतात, म्हणून द्रावण नेहमी गाळून भरावे.

वायसर काढताना स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. ज्या खाचेत तो बसतो तेथे ओरखडा पडला, तर नवा वायसरही गळेल. खाच फडक्याने पुसावी, जुन्या वायसरची बाजू कोणत्या दिशेला होती ते पाहून नवा त्याच दिशेने बसवावा. उलटा बसला तर दाब येणार नाही. चामडी वायसर असल्यास तो आदल्या रात्री गोड्या तेलात भिजवावा. प्लॅस्टिकचे आटे हातानेच आवळावेत. पान्याने जोर लावल्यास ते तडकतात. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून ओ-रिंगचे काम भागत नाही.

आता टाकीत अर्धे साधे पाणी भरून, ट्रिगर बंद ठेवून दांडा जड लागेपर्यंत हलवावा. पंप कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून दहा मिनिटे थांबावे. कागद कोरडा राहिला आणि ट्रिगर दाबताच फवारा जोरात सुटला, तर काम झाले. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिल्यास बारीक गळतीही बुडबुड्यांवरून कळते. नोझल तुंबले तर तोंडाने कधीही फुंकू नये, मऊ ब्रशने साफ करावे.

बॅटरीच्या पंपात आतील मोटर-पंपाचा संच घरी खोलू नये; नळी, ट्रिगर व नोझल मात्र वरीलप्रमाणेच तपासता येतात. टाकीलाच चीर गेली असेल तर तिला डिंक, डांबर लावून वेळ मारून नेऊ नये, टाकी बदलावी.